डाऊलेसचे लोखंड आणि कॅनफर्डची इस्टेट

लंडनमधील ख्रिस्तीज या लिलावगृहात जुलै १९९४ मध्ये एका पाषाणशिल्पाला सुमारे ७७ लाख पौंड इतकी विक्रमी किंमत मिळाली. इसवी सनपूर्व नवव्या शतकातील असीरियन सम्राट दुसरा अशुरनासिरपाल याच्या निमरूद येथील राजवाड्यातील हे शिल्प. सध्याच्या इराकमध्ये घडवलेला हा दगड इंग्लंडमधील एका निवासी शाळेच्या खाऊच्या दुकानात, चुन्याच्या थराखाली, भिंतीत बसवलेला होता. त्याच्या शेजारी विद्यार्थ्यांच्या बाणफेकीच्या खेळाची तबकडी टांगलेली असे. मौल्यवान अस्सल शिल्पे पूर्वीच विकली गेली असून उरलेली केवळ प्लास्टरची नक्कल आहे, असा सर्वांचा समज होता. अमेरिकन संशोधक जॉन रसेल यांनी १९९२ मध्ये शाळेला भेट दिल्यानंतर हा समज दूर झाला.

डॉर्सेट परगण्यातील या शाळेचे नाव कॅनफर्ड. शाळेची स्थापना १९२३ मध्ये झाली. त्यापूर्वी ही वास्तू वेल्समधील लोखंडाच्या कारखानदारीवर श्रीमंत झालेल्या गेस्ट कुटुंबाचा ग्रामीण वाडा होती. असीरियाचे शिल्प इथपर्यंत कसे आले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनच्या औद्योगिक संपत्तीचा संपूर्ण प्रवास समोर येतो. ही संपत्ती कोठे निर्माण झाली, ती कोणाच्या श्रमातून आली आणि अखेर ती कोठे खर्च झाली, याची नोंद कॅनफर्डच्या भिंतींमध्ये आहे. त्या प्रवासातील एक धागा मुंबई आणि ठाण्यापर्यंतही पोहोचतो.

डोंगरावरचा कारखाना

दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिल या गावाजवळ, उंच आणि ओसाड डोंगरउतारावर डाऊलेस ही वस्ती आहे. या भागात लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी हे तिन्ही पदार्थ अगदी जवळजवळ सापडत. लोखंड गाळण्यासाठी लागणारा जवळपास सर्व कच्चा माल एकाच डोंगरात उपलब्ध असल्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे एकामागून एक असे चार मोठे कारखाने उभे राहिले. सायफार्थफा, प्लायमथ, पेनिडॅरन आणि डाऊलेस ही त्यांची नावे. यांपैकी डाऊलेसचा कारखाना १७५९ मध्ये सुरू झाला.

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातून आलेल्या जॉन गेस्ट यांनी १७६७ मध्ये डाऊलेसचे व्यवस्थापन हाती घेतले. प्रारंभी ते केवळ व्यवस्थापक होते. पुढे कुटुंबाला भागीदारी मिळाली आणि जॉन यांचे नातू जॉन जोसाया गेस्ट यांच्या काळात कारखान्याची सूत्रे कुटुंबाच्या हाती एकवटली. २ फेब्रुवारी १७८५ रोजी डाऊलेसमध्येच जन्मलेल्या जॉन जोसाया यांचे बालपण भट्ट्यांच्या सान्निध्यात गेले. वडिलांच्या निधनानंतर १८०७ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांच्यावर कारखान्याची जबाबदारी आली.

जॉन जोसाया यांना धंद्याची जाण होती आणि नव्या तंत्राचे आकर्षणही होते. १८३० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८४५ पर्यंत डाऊलेसमध्ये १८ झोतभट्ट्या धगधगत होत्या. त्या काळी एखाद्या कारखान्यात तीन-चार भट्ट्या असणे ही सर्वसाधारण बाब मानली जाई. कामगारांची संख्या ७,३०० च्या पुढे गेली होती आणि वर्षाचे उत्पादन ८८ हजार टनांच्या घरात होते. त्या सुमारास डाऊलेस हा जगातील सर्वांत मोठा लोखंडाचा कारखाना म्हणून ओळखला जात असे.

रुळांचे युग

डाऊलेसच्या भरभराटीचे मुख्य कारण रेल्वे हे होते. वाफेच्या इंजिनाने रुळांवरून गाडी ओढण्याचा पहिला यशस्वी प्रयोग २१ फेब्रुवारी १८०४ रोजी शेजारच्या पेनिडॅरन कारखान्याच्या मार्गावरच झाला होता. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या त्या इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळ तुटले. बीड कठीण असले तरी ठिसूळ असते. अवजड इंजिनांसाठी चिवट, घडीव लोखंडाचे रूळ आवश्यक होते.

असे लोखंड तयार करण्याची पद्धत अत्यंत कष्टाची होती. झोतभट्टीतून निघालेले बीड दुसऱ्या भट्टीत पुन्हा वितळवले जाई. तेथे कामगार लांब लोखंडी दांड्याने तो रस सतत घुसळत असे. त्यामुळे त्यातील कार्बन जळून जाई आणि रस घट्ट होत त्याचे गोळे बनत. हे तापलेले गोळे प्रथम घणाखाली ठोकले जात आणि नंतर लाटण यंत्रांतून काढून त्यांना पट्ट्यांचा वा रुळांचा आकार दिला जाई. रस केव्हा घट्ट होऊ लागला, हे सांगणारे कोणतेही उपकरण नव्हते. कामगाराचा डोळा आणि त्याच्या हाताला जाणवणारा ताण, यांवरच सर्व अवलंबून असे. अशा एकेका भट्टीतून निघालेल्या लोखंडातून हजारो मैलांचे लोहमार्ग तयार झाले.

ब्रिटनमधील तसेच युरोप खंडातील अनेक लोहमार्गांना डाऊलेसने रूळ पुरवले. १८४४ मध्ये रशियाकडून सुमारे ५० हजार टन रुळांची मागणी नोंदवण्यात आली. तयार माल बंदरापर्यंत नेण्यासाठी पूर्वी कालव्यावर विसंबून राहावे लागे. त्याऐवजी मर्थर ते कार्डिफ असा टॅफ व्हेल लोहमार्ग बांधण्यात आला. जॉन जोसाया गेस्ट हे या रेल्वे कंपनीचे पहिले अध्यक्ष होते आणि अभियंता होते प्रख्यात इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल. हा मार्ग १८४१ मध्ये कार्डिफपासून मर्थरपर्यंत पूर्ण झाला.

मर्थरमधील जीवन

कारखान्यांनी मर्थरचे रूप अल्पावधीत पालटले. १८०१ मध्ये सुमारे ७,७०० लोकसंख्या असलेले हे गाव १८५१ मध्ये ४६ हजारांवर पोहोचले. त्या काळातील ते वेल्समधील सर्वांत मोठे शहर होते. रोजगाराच्या शोधात वेल्सच्या खेड्यांतून, इंग्लंडमधून आणि आयर्लंडमधून माणसे आली. त्यांच्यासाठी घरे घाईघाईने बांधली गेली. मात्र पिण्याच्या पाण्याची, सांडपाण्याची आणि स्वच्छतेची कोणतीही व्यवस्था करण्यात आली नाही.

जून १८३१ मध्ये वेतनकपात आणि कर्जवसुली यांविरुद्ध मर्थरमध्ये कामगारांचा मोठा उठाव झाला. सैन्याने केलेल्या गोळीबारात अनेक जण मृत्युमुखी पडले. उठावानंतर डिक पेंडरिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुण खाणकामगाराला १३ ऑगस्ट १८३१ रोजी कार्डिफ येथे फाशी देण्यात आली. वेल्सच्या कामगार चळवळीत त्याचे नाव आजही हुतात्मा म्हणून घेतले जाते. गेस्ट त्या वेळी दंडाधिकारी होते. संतप्त जमावाला शांत करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. त्याच वर्षी कामगार संघटनेत सामील झालेल्यांना डाऊलेसच्या कारखान्याची दारे बंद करण्यात आली, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे. पुढील वर्षी, १८३२ मध्ये, मर्थरला संसदेत प्रथमच स्वतंत्र प्रतिनिधित्व मिळाले आणि गेस्ट तेथून निवडून आले. मृत्यूपर्यंत ते या शहराचे खासदार राहिले.

१८४९ मध्ये मर्थरमध्ये पटकीची भीषण साथ आली. तीत चौदाशेहून अधिक माणसे दगावली. सरकारी निरीक्षक टी. डब्ल्यू. रॅमेल यांनी १८५० मध्ये सादर केलेल्या अहवालात शहरातील पाणी आणि गटारांच्या अभावाचे विदारक चित्र आढळते. नदीचे पाणी कारखान्यांच्या उपयोगासाठी वळवले गेले होते. पाण्यासाठी स्त्रियांना ओढ्यांवर आणि झऱ्यांवर तासन् तास ताटकळावे लागे. नळाचे पाणी मिळण्यासाठी शहराला १८६० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली.

भाडेपट्टा आणि कॅनफर्डची खरेदी

या पार्श्वभूमीवर गेस्ट कुटुंबाने डॉर्सेटमधील इस्टेट का घेतली, हे समजून घेणे आवश्यक ठरते. त्यामागे प्रामुख्याने दोन कारणे होती.

पहिले कारण जमिनीच्या मालकीचे. जगातील सर्वांत मोठा कारखाना गेस्ट यांच्या हाती असला, तरी ज्या डोंगरावर तो उभा होता तो त्यांच्या मालकीचा नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्यास अत्यल्प खंडाने घेतलेला ९९ वर्षांचा भाडेपट्टा १८४८ मध्ये संपणार होता. पट्टा करताना ही जमीन मेंढ्यांच्या चराऊ कुरणापलीकडे फारशा मोलाची नव्हती. शतकाअखेरीस तिच्या पोटातील कोळशाचे आणि खनिजाचे मोल सर्वांना कळून चुकले होते. जमीनमालक ब्यूटचे मार्क्विस आणि गेस्ट यांच्यातील वाटाघाटी वर्षानुवर्षे रखडल्या. पट्ट्याचे नूतनीकरण न झाल्यास कारखाना बंद पडेल आणि हजारो कुटुंबे उघड्यावर येतील, अशी भीती निर्माण झाली होती.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे होते. तत्कालीन इंग्लंडमध्ये कारखानदाराकडे कितीही पैसा असला, तरी समाजातील अव्वल स्थान जमीनदाराला मिळे. जमिनीबरोबर मतदारसंघातील प्रभाव येई, न्यायदंडाधिकाऱ्याचे पद येई आणि उमरावपदाचा मार्ग खुला होई. गेस्ट यांनी १८३३ मध्ये लॉर्ड लिंडसे यांची कन्या लेडी शार्लट बर्टी यांच्याशी विवाह केला होता. विवाहसमयी शार्लट २१ वर्षांच्या, तर जॉन जोसाया ४८ वर्षांचे होते. उमराव घराण्यातील मुलीने कारखानदाराशी विवाह करणे लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळाला रुचले नाही. १८३८ मध्ये गेस्ट यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली, तरी धंदेवाईक म्हणून होणारी अवहेलना पूर्णपणे थांबली नाही.

१८४६ मध्ये गेस्ट यांनी कॅनफर्डची इस्टेट विकत घेतली. त्यासाठी साडेतीन लाख पौंडांच्या आसपास रक्कम मोजावी लागली. स्टाउर नदीकाठची ही हिरवीगार भूमी डाऊलेसपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. तेथील जुन्या वाड्याला मध्ययुगीन स्वयंपाकघराचा अवशेष लाभलेला होता. गेस्ट दांपत्याने वाड्याची पुनर्रचना करण्याचे काम सर चार्ल्स बॅरी यांच्याकडे सोपवले. लंडनमध्ये त्या वेळी उभारल्या जात असलेल्या संसदभवनाचे हेच वास्तुविशारद. भव्य दिवाणखाना आणि उंच मनोरा यांमुळे कॅनफर्डला राजवाड्याची शान आली.

शेजारच्या सायफार्थफा कारखान्याचे मालक विल्यम क्रॉशे यांनी १८२० च्या दशकात आपला किल्ल्यासारखा वाडा स्वतःच्या भट्ट्यांसमोरच बांधला होता. आपली संपत्ती कोठून आली, हे त्यांना खिडकीतून दिसत असे. गेस्ट कुटुंबाचे डाऊलेस हाऊससुद्धा कारखान्याला लागूनच होते. भट्ट्यांचा उजेड आणि यंत्रांचा आवाज रात्रंदिवस त्या घरात येई. कॅनफर्डहून मात्र धूरही दिसत नव्हता आणि आवाजही ऐकू येत नव्हता.

भाडेपट्ट्याचा प्रश्न अनपेक्षितरीत्या सुटला. मार्च १८४८ मध्ये मार्क्विस ऑफ ब्यूट यांचे अचानक निधन झाले आणि त्यांच्या विश्वस्तांनी गेस्ट यांच्याशी नवा करार केला. त्या उन्हाळ्यात गेस्ट दांपत्य डाऊलेसला परतले तेव्हा कामगारांनी त्यांचे जंगी स्वागत केले. तो आनंद केवळ मालकांचा नव्हता. भट्ट्या चालू राहणार, म्हणजे चुली पेटत्या राहणार, हे प्रत्येक घराला कळत होते.

निनेव्ह पोर्च

कॅनफर्डमधील असीरियन शिल्पांचा उगम नात्यागोत्यात आहे. निमरूद आणि निनेव्ह येथे उत्खनन करणारे ऑस्टेन हेन्री लेयार्ड हे लेडी शार्लट यांच्या आईच्या घराण्यातील. उत्खननात मिळालेल्या शिल्पांपैकी बहुसंख्य ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. काही शिल्पे लेयार्ड यांच्याकडून गेस्ट कुटुंबाकडे आली. ती ठेवण्यासाठी बॅरी यांनी वाड्याच्या आवारात एक खास दालन उभारले. त्याला निनेव्ह पोर्च असे नाव पडले. लेयार्ड यांनी पुढे, १८६९ मध्ये, शार्लट यांची कन्या एनिड हिच्याशी विवाह केला.

विसाव्या शतकात हा संग्रह विखुरला. मानवी मस्तक आणि पंख असलेल्या बैलाच्या व सिंहाच्या दोन अवाढव्य मूर्ती १९१९ मध्ये विकण्यात आल्या. त्या जॉन डी. रॉकफेलर कनिष्ठ यांच्यामार्फत १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला मिळाल्या. १९९४ च्या लिलावातील शिल्प जपानच्या मिहो म्युझियममध्ये गेले. त्यातून मिळालेल्या पैशांतून शाळेने नव्या इमारती आणि विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या यांची तरतूद केली. शाळेच्या नाट्यगृहाला लेयार्ड यांचे नाव आहे. ज्या निमरूदमधून ही शिल्पे आली, तेथील राजवाड्याचे अवशेष २०१५ मध्ये इस्लामिक स्टेट संघटनेच्या दहशतवाद्यांनी सुरुंग लावून उद्ध्वस्त केले.

शार्लट गेस्ट यांचे कार्य

लेडी शार्लट यांचे स्थान केवळ श्रीमंत उद्योजकाची पत्नी एवढेच नव्हते. त्यांना भाषांची विलक्षण आवड होती. डाऊलेसला आल्यावर त्या वेल्श शिकल्या. वेल्सच्या मध्ययुगीन कथांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८३८ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाला. ‘मॅबिनोगिअन’ या नावाने तो युरोपभर पोहोचला आणि वेल्श साहित्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. याच काळात त्यांनी दहा अपत्यांना जन्म दिला, पतीचा पत्रव्यवहार सांभाळला आणि कारखान्याचे हिशेबही तपासले. कामगारांच्या मुलांसाठी तसेच प्रौढांसाठी शाळा चालवण्यात त्यांनी विशेष लक्ष घातले.

जॉन जोसाया यांची प्रकृती खालावल्यानंतर त्यांनी अखेरचे दिवस डाऊलेसमध्ये घालवण्याची इच्छा व्यक्त केली. २६ नोव्हेंबर १८५२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. कॅनफर्डचा वाडा नुकताच सजला होता, तरी त्यांचे दफन डाऊलेसच्या सेंट जॉन चर्चमध्ये करण्यात आले.

पतीच्या पश्चात शार्लट यांनी कारखान्याचा कारभार स्वतः पाहिला. १८५३ मध्ये कामगारांनी वेतनवाढीसाठी संप पुकारला, तेव्हा मालकांच्या बाजूने निर्णय घेण्याची जबाबदारी त्यांच्यावरच होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका स्त्रीने एवढा प्रचंड उद्योग चालवणे ही असाधारण घटना होती. १८५५ मध्ये त्यांनी मुलांचे शिक्षक चार्ल्स श्रायबर यांच्याशी पुनर्विवाह केला आणि कारखान्यातून त्या बाजूला झाल्या. पुढे त्यांनी चिनी मातीच्या वस्तूंचा मोठा संग्रह केला आणि १८८४ मध्ये तो लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयास दिला. १५ जानेवारी १८९५ रोजी कॅनफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईशी असलेला दुवा

शार्लट यांच्यानंतर डाऊलेसची सूत्रे ज्यांच्या हाती आली, ते विश्वस्त जॉर्ज टॉमस क्लार्क हे नाव भारतीय रेल्वेच्या इतिहासात परिचित आहे. ब्रुनेल यांच्या हाताखाली काम केलेले क्लार्क १८४३ मध्ये मुंबईत आले. मुंबई शहरातील सांडपाण्याची व्यवस्था आणि कोकणातील मिठागरे यांची पाहणी त्यांच्याकडे सोपवण्यात आली होती. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपला दिलेल्या भेटीत मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटांपर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना सुचली, असे भारतीय रेल्वेचा अधिकृत इतिहास सांगतो.

प्रकृतीच्या कारणास्तव क्लार्क इंग्लंडला परतले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली, तेव्हा जॉन जोसाया गेस्ट यांच्या निधनाला पाच महिनेही झाले नव्हते. त्या काळात भारतातील लोहमार्गांसाठी लागणारे रूळ आणि इंजिने ब्रिटनमधूनच जहाजाने येत असत. रेल्वेचा विस्तार जसजसा पूर्वेकडे झाला, तसतसा वेल्समधील भट्ट्यांना नवा ग्राहक मिळत गेला.

इंग्लंडमध्ये परतल्यावर क्लार्क यांनी सार्वजनिक आरोग्य मंडळाचे निरीक्षक म्हणून काम केले. डाऊलेसची जबाबदारी त्यांनी चार दशके सांभाळली आणि कामगारांसाठी स्वखर्चाने रुग्णालय उभारले. त्यांच्या आणि व्यवस्थापक विल्यम मेनेलॉस यांच्या काळात कारखान्याने बेसेमर पद्धतीच्या पोलादाकडे वळण घेतले. १८६५ मध्ये डाऊलेसमध्ये या पद्धतीने पोलादाचे उत्पादन सुरू झाले. क्लार्क यांनीही कार्डिफजवळ टॅलिगार्न ही ग्रामीण इस्टेट घेतली होती. १९२० च्या दशकात ती खाणकामगारांचे आरोग्यधाम झाली.

बॅरी यांच्या दोन वास्तू

कॅनफर्डचा वाडा बांधणारे चार्ल्स बॅरी यांनी डाऊलेसमध्येही काम केले, ही बाब अनेकदा नजरेआड होते. तेथील शाळेची इमारत १८५५ मध्ये पूर्ण झाली. गेस्ट यांच्या स्मरणार्थ उभारलेले वाचनालयही बॅरी यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधले गेले आणि १८६३ मध्ये खुले झाले. मालकाचा वाडा आणि कामगारांचे वाचनालय या दोन्हींवर एकाच वास्तुविशारदाचा हात फिरला. त्यांचा क्रम आणि आकार पाहिल्यास कुटुंबाने काय आधी केले आणि काय नंतर, याचाही बोध होतो.

कॅनफर्डच्या इस्टेटीवर पुढील पिढीने शेतमजुरांसाठी टुमदार घरे बांधली. जॉन जोसाया यांचे ज्येष्ठ पुत्र आयव्हर यांना १८८० मध्ये बॅरन विम्बोर्न ही पदवी मिळाली आणि कारखानदाराचे घराणे उमरावांच्या सभागृहात पोहोचले. त्यांच्या पत्नी लेडी कॉर्नेलिया या विन्स्टन चर्चिल यांच्या आत्या. सुमारे १८६७ ते १९०४ या काळात बांधलेली शंभरहून अधिक घरे आजही त्या परिसरात ‘लेडी विम्बोर्न कॉटेजेस’ या नावाने ओळखली जातात. प्रत्येक घराला भाजीपाल्यासाठी मोकळी जागा आणि डुकरांसाठी गोठा होता. मर्थरच्या दाट वस्तीत तीन-चार दशकांपूर्वी पाण्यासाठी रांगा लागत होत्या, हे लक्षात घेतल्यास या घरांचे महत्त्व आणि त्यातील विषमता दोन्ही ठळक होतात.

कारखान्याचा अस्त

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डाऊलेसच्या डोंगरातील लोहखनिज पुरेनासे झाले. स्पेनहून येणारे खनिज बंदरापासून डोंगरावर चढवणे परवडत नव्हते. त्यामुळे कंपनीने कार्डिफच्या किनाऱ्यावर नवा कारखाना काढला. तो १८९१ मध्ये सुरू झाला. थोड्याच वर्षांत लॉर्ड विम्बोर्न यांनी कारखान्यातून अंग काढून घेतले. १९०२ पर्यंत झालेल्या विलीनीकरणांतून ‘गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स’ म्हणजेच जीकेएन ही कंपनी आकारास आली. तिच्याशी संबंधित गेस्ट कीन विल्यम्स ही कंपनी भारतात हावडा येथे प्रसिद्ध होती. ज्या भांडुपमध्ये क्लार्क यांना रेल्वेची कल्पना सुचली, त्याच भांडुपमध्ये या कंपनीचा कारखाना पुढे उभा राहिला, हा एक योगायोग म्हणावा लागेल.

डाऊलेसचा मुख्य कारखाना १९३० मध्ये बंद पडला. हजारो कामगार बेकार झाले. नोव्हेंबर १९३६ मध्ये राजे आठवे एडवर्ड यांनी त्या ओसाड कारखान्याला भेट दिली आणि या लोकांना काम मिळवून देण्यासाठी काहीतरी केले पाहिजे, अशा आशयाचे उद्गार काढले. काही आठवड्यांतच त्यांनी सिंहासनाचा त्याग केला. उरलासुरला ओतकाम विभाग १९८७ मध्ये बंद झाला. २०१८ मध्ये जीकेएन कंपनी मेलरोज उद्योगसमूहाने ताब्यात घेतली. तिच्या वाहनभाग व्यवसायाची २०२३ मध्ये वेगळी कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिला ‘डाऊलेस’ हे नाव देण्यात आले. डोंगरावरील भट्ट्या तोपर्यंत इतिहासजमा झाल्या होत्या.

दोन स्थळे, एक इतिहास

कॅनफर्डचा वाडा सुस्थितीत आहे. त्याची बाग, त्याचा मनोरा आणि निनेव्ह पोर्च पाहण्यासारखे आहेत. डाऊलेसमध्ये मात्र कारखान्याच्या अवशेषांपैकी मोजक्याच वास्तू उरल्या आहेत. १८२० मध्ये बांधलेला घोड्यांचा तबेला, जुने इंजिनघर आणि गेस्ट यांच्या नावाचे वाचनालय या त्यांतील प्रमुख होत.

औद्योगिक क्रांतीचा इतिहास बहुधा यंत्रे, शोध आणि उत्पादनाचे आकडे यांच्या आधारे सांगितला जातो. उमरावांच्या वाड्यांचा इतिहास वास्तुकला आणि वंशावळी यांच्या आधारे मांडला जातो. हे दोन्ही इतिहास स्वतंत्रपणे वाचल्यास एक महत्त्वाची गोष्ट सुटून जाते. कॅनफर्डच्या दिवाणखान्याचा खर्च डाऊलेसच्या भट्टीवर उभ्या राहिलेल्या कामगाराच्या घामातून निघाला होता. १८४९ च्या साथीत मर्थरमध्ये अंत्ययात्रा निघत होत्या, त्याच काळात कॅनफर्डमध्ये बॅरी यांच्या देखरेखीखाली बांधकाम चालू होते.

गेस्ट दांपत्याला केवळ निष्ठुर मालक ठरवणे योग्य होणार नाही. समकालीन कारखानदारांच्या तुलनेत त्यांनी शाळांवर अधिक लक्ष दिले आणि जॉन जोसाया यांनी अखेरचा श्वासही कामगारांच्या गावातच घेतला. तथापि पाणी आणि गटारे यांसारख्या मूलभूत सोयी जगातील सर्वांत मोठ्या कारखान्याच्या गावाला इतक्या उशिरा का मिळाल्या, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या शाळांमधून मिळत नाही. खाणी आणि कारखान्यांच्या परिसरातील वस्त्यांना हा प्रश्न अनेक देशांत आजही विचारावा लागतो. डाऊलेस आणि कॅनफर्ड या दोन स्थळांचा हिशेब एकाच वहीत मांडल्याखेरीज त्याचे उत्तर सापडणार नाही.